डावऱ्या हाताचे तोडे

“छिन्नी ठेव आदी खाली! पाय काप हवं तर, पन तोडा कापायचा नाय.”

जनीआजीनं स्टुलावरचा पाय झटकन मागं घेतला. दत्ताराम सोनाराच्या हातातली छिन्नी हातातच राहिली. महाडच्या बाजारपेठेतल्या त्याच्या एवढ्याशा दुकानात तीस वर्षांत कुणी त्याच्यावर असं खेकसलं नव्हतं.

“अहो मावशी, मग काढू कसा? फिरकी जाम झालीय. पन्नास वर्षांचा घाम न् माती बसलीय तिच्यात.”

“पन्नास नाय, साठ. मी पंधराची व्हते तवा घातले.”

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातून म्हातारी सकाळच्या एसटीनं खाली आली होती. गुडघा पार धरला होता. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, चारचा नंबर दिला आणि अंगावर धातूचा कणसुद्धा चालणार नाही अशी तंबी दिली. गळ्यातलं निघालं, कानातलं निघालं. पायातले चांदीचे तोडे मात्र हटून बसले. साबण झाला, खोबरेल झालं. आता तीन वाजायला आले होते आणि हा नंबर हुकला तर पुढचा महिनाभरानं. नात गौतमी एमआयडीसीतल्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, ती खाडा करून आजीबरोबर आली होती.

“काका, पण यात फिरकी आहे कुठं? मला तर जोडच दिसत नाही.”

दत्तारामनं बोटानं दाखवलं. तोड्यावर सगळीकडून बारीक फुलं कोरलेली. त्यातलंच एक फूल म्हणजे फिरकीचं डोकं. ते फिरवायचं, खिळा बाहेर काढायचा, की तोडा उघडतो. सांगायला सोपं. अशा जुन्या जोड्या त्याच्याकडे वर्षाला पाच-सहा तरी मोडीत यायच्या. तो पक्कड लावून बघायचा, बऱ्याचशा हलायच्याच नाहीत. मग छिन्नीचा एक घाव, दोन तुकडे आणि वितळवायला मूस. कुणाला वेळ आहे?

पण आज पाय हातात होता आणि पायात तोडा होता. एकेक पाव किलोच्या वर. आतली कड इतकी गुळगुळीत की साठ वर्षांत घोट्याला साधा घट्टा पडला नव्हता. दुकानात टांगलेली त्याची पैंजणं फुंकर मारली तरी हलत. हे घडवणारा माणूस कोण असेल, असं त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं. आणि आलं ते जाईना.

“मलापण जडच आवडतं,” गौतमीनं मनगट पुढं केलं. “हे कडं ऑनलाइन मागवलं. अस्सल चांदीचा, नाइन-टू-फाइव्हचा शिक्का आहे. हलकं घातलं की घातल्यासारखंच वाटत नाही. असं का होतं हो काका?”

उत्तर म्हातारीनंच दिलं. “जड असलं म्हंजी आपल्यापाशी हाय ते कळतं गो. हलकं काय, कुठं पडलं तरी पत्ता लागत नाय.” मग ती दत्तारामकडे वळली. “तुमच्या ह्याच आळीत व्हता तो सोनार. डावरा. माझा पाय मांडीवर घेऊन बसला नि म्हनला, पोरी, काढायचा झाला तर माझ्याकडंच ये, दुसऱ्याला जमायचं नाय. मी म्हनलं, काढतेय कशाला!”

“डावरा?”

“तर! समदं डाव्या हातानं करी.”

दत्तारामनं पक्कड खाली ठेवली. त्या आळीत डावरा सोनार एकच होऊन गेला. तो त्याचा बाप. दत्ताराम आठ वर्षांचा असताना गेला. धंदा शिकवला चुलत्यानं, आणि बापाची म्हणून जपलेली हत्यारं दोन हजार एकवीसच्या पुरात सावित्री नदीनं नेली. बापाचं त्याच्याकडे काही म्हणजे काही उरलं नव्हतं. एक आठवण तेवढी होती. बाप भोवऱ्याला दोरी उलटी गुंडाळायचा, भोवरा उलटा फिरायचा, आणि आई ओरडायची, “पोराला उलटं शिकवू नका!”

फिरकीचे आटेसुद्धा बारीक तार खिळ्याला गुंडाळूनच पाडत. डावरा माणूस तार कशी गुंडाळेल?

त्यानं फुलावर चिंधी ठेवली, पक्कड धरली आणि उलट बाजूला जोर दिला. म्हातारीनं डोळे मिटले.

फूल फिरलं.

खिळा सरसर वर आला. पांढराशुभ्र, आजच घडवल्यासारखा. घाम नाही, माती नाही, कणभरही आत गेलं नव्हतं. तोडा दोन्ही हातांनी उघडला. दुसरा तर सहज निघाला.

“जाम नव्हतीच,” दत्ताराम पुटपुटला. “मीच आवळत होतो.”

म्हातारीच्या घोट्याभोवती गोरी पट्टी उमटली होती. ती उठली, दोन पावलं टाकली आणि गौतमीचा खांदा धरला. “पाय उडतोय गो माझा!” तोडे गौतमीच्या पिशवीत गेले. पायरीवरून म्हातारी मागं वळली. “फोटू झाला की येते. तूच बसव. उजव्या हाताचा हायस, पन चालशील.”

तो हसला. त्या दोघी रिक्षात बसेपर्यंत हसत राहिला.

मग त्यानं मोडीचा डबा काढला. गेल्या आठवड्यात घेतलेला एक तोडा त्यात होता, छिन्नीनं दोन तुकडे केलेला. फुलं तीच. तीस वर्षांत असे किती मुशीत गेले ते आठवायची त्याला भीती वाटली. त्यानं एकेक फूल चाचपलं. एक सापडलं. उलटं फिरवलं. खिळा मुकाट्यानं त्याच्या तळहातावर आला. तोडा तर आधीच तुटलेला होता, त्या खिळ्यानं उघडण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दत्तारामचे डोळे भरून आले.

मग त्यानं तो खिळा होता तिथंच परत बसवायला घेतला. उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि बोटांना सवय नसल्यामुळे हळूहळू फिरवत राहिला.