सोडून या तेवढी

सत्यवतीने चुलीवरून चहा उतरवला तेव्हा पडवीतून बारीक चूंचूं ऐकू येत होती. कवडी कुत्री रात्रीतून व्याली होती. भाताच्या रिकाम्या पोत्यांच्या आडोशाला ती आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती.

"सा हायेत," सत्यवती म्हणाली. "त्यातल्या चार माद्या."

तिचा नवरा काशिराम ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. त्याने मान वर केली नाही.

"पावसात पाच झालती, आता सा. दमली बिचारी. अंगात काय उरलंय तिच्या?"

"डोळं कवा उघडतील?" त्याने विचारलं.

"धा-बारा दिसांनी. तुमाला काय नवं हाय कं?"

नवं नव्हतंच. पनवेलच्या खाडीकाठी, करंजाड्याच्या पलीकडे असलेल्या कोंडखार गावात दर घराला एक-दोन कुत्री असत. राखणीला नर ठेवायचा, मादी ठेवायची नाही, ही रीत. तरी एखादी मादी कुठून तरी येऊन दारात बसे, उरलंसुरलं खाई आणि घरची होऊन जाई. मग ती वर्षातून दोनदा विणार. पिल्लांतले एक-दोन नर कुणी मागून नेई. बाकीची, डोळे उघडायच्या आत, गोणपाटात घालून काशिरामच्या सायकलला अडकवायची. डोळे उघडायच्या आत सोडली की पाप लागत नाही, असं गावात सगळेच मानत. ते कुणी ठरवलं हे कुणालाच माहीत नव्हतं.

काशिरामच का, तर तो उघाडीवाला होता. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांधात जी लाकडी दारं बसवलेली असतात, ती उघाडी. भरतीला ती लागली आहेत ना हे पाहायचं, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर काढायचं, हे काम आधी त्याचा बाप तुळशीराम करायचा आणि बापानंतर तो. अर्धीअधिक शेतं सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती, पण उरलेल्या शेतांसाठी उघाडी चालूच होती. काशिराम रोज त्या बाजूला जातो, त्याच्याकडे सायकल आहे, एवढं पुरेसं होतं. "काका, सोडून या तेवढी," असं म्हणून बाया पोती त्याच्या दाराशी ठेवून जात. कुठे सोडायची, हे कुणी सांगत नसे.

पहिल्या वेळी मात्र एकीने विचारलं होतं. आता सरपंच असलेल्या धर्मराजची आई. तीस वर्षं झाली त्याला. "खं सोडलीस रे काशिराम?" असं तिने डोळ्यांना पदर लावून विचारलं, आणि काशिरामच्या तोंडून निघून गेलं, "मच्छीबाजारात. तिथं खातील, पितील." म्हातारीचा चेहरा एवढा निवळला की ते उत्तर तिथेच कायमचं बसलं. पुढे कुणी विचारायचीही गरज उरली नाही. काशिरामने सोडलेली कुत्री पनवेलच्या मच्छीबाजारात सुखाने नांदतात, हे गावाला पक्कं ठाऊक झालं.

काशिराम पोतं घेऊन बाजाराला एकदाही गेला नव्हता. तुळशीरामने त्याला दाखवलं होतं तसंच तो करत आला. ओहोटीचं पाणी दारातून जोरात ओढ घेतं तेव्हा पोतं हळूच खाली ठेवायचं, आणि मागे बघायचं नाही. तो दुष्ट माणूस नव्हता. कुणाला मोठ्याने बोललेला आठवत नव्हता. नाही म्हणता न येणं हाच त्याचा दोष, आणि त्या दोषाला गावात भलेपणा म्हणत.

पुढल्या आठवड्यात, बुधवारी, सत्यवतीचा खांदा धरला म्हणून तिची कोळंबीची पाटी घेऊन तो तिच्याबरोबर बाजारात गेला. एरवी ती एकटीच जाई. दुपारपर्यंत विकून झालं. सत्यवतीने शेजारच्या कोळणीकडून माशांची डोकी एका कागदात मागून घेतली आणि ती बाजाराच्या मागल्या अंगाला गेली. सात-आठ कुत्री धावत आली.

"हा बघा," ती म्हणाली, "हा गोदूच्या घरचा. कान बघा ना, अगदी तिच्या लाली कुत्रीचं. ती पाय ओढते ती आपल्या कवडीची पयल्या वेताची. न्हावा शेव्याच्या ट्रकनं मारली असंल धडक. मी तिला रंगी म्हनतंय."

"तू दर खेपेला टाकतेस हे?"

"मग? आपलीच हायेत ना ती. तुमी सोडताव, मी बघतंय." ती हसली. "कवडीचा काळा तेवढा दिसत नाय. त्याला इकडंच सोडला कं तलावाकडं?"

काशिराम पाटीची चुंबळ हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तलावाकडं."

"मग तिकडनं जाऊ."

तलावाच्या कडेला कठड्याखाली एक काळं कुत्रं झोपलं होतं. सत्यवतीने उरलेलं एक डोकं त्याच्यापुढे टाकलं. त्याने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं, शेपूट एकदा जमिनीवर आपटली आणि खायला लागलं.

"वळखला मना," सत्यवती म्हणाली. घरी जाईपर्यंत ती खुशीत होती. काशिरामला मात्र वाटेत दोनदा थांबावं लागलं. गुडघा दुखतोय, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहावा दिवस भरला. सकाळीच सत्यवतीने गोणपाट झटकून ठेवलं आणि कवडीला भाकर दाखवत मागल्या दारी नेऊन बांधलं. पिल्लं तिने स्वतःच पोत्यात घातली, एकेकाच्या डोक्यावरून बोट फिरवून.

"आज बाजाराच्या बाजूलाच सोडा," ती म्हणाली. "तलावाकडं नको. मना लांब पडतं."

उघाडीवर ओहोटी सुरू झाली होती. काशिरामने दारं मोकळी केली, पाण्याने ओढ घेतली. पोतं पायाशी होतं आणि आतून हालत होतं. त्याने ते उचललं, परत ठेवलं. बांधावर बसला. आपण फार थकलोय, एवढंच त्याला कळलं. गुडघ्याने थकलो की कशाने, याचा त्याला उलगडा होईना. तीस वर्षं जे हात सवयीने करत होते ते आज करेनात. पाणी उतरत उतरत शेवटी चिखल उघडा पडला, आणि तोवर तो तसाच बसून होता.

दुपारी तो पोतं घेऊन घरी आला.

"हे काय?" सत्यवती म्हणाली.

"बाजार बंद होता."

"गुरुवारी?"

त्याने पोतं पडवीत ठेवलं. तिने पुढे ताणलं नाही. कवडीला सोडल्याबरोबर ती पोत्यावर तुटून पडली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून आडोशाला नेऊ लागली.

त्या रविवारी शाळेत ग्रामसभा होती. विषय कुत्र्यांचाच. दिवाळीपासून गावातल्या दोन पोरांना कुत्री चावली होती आणि पंचायतीत विषाच्या गोळ्या घालायचं बोलणं चाललं होतं. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुनिताबाईंनी ते ऐकलं आणि त्या स्वतः आल्या. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, आवाज बसलेल्या बाई. दिवसभर म्हशी तपासून आल्या असाव्यात.

"विषाने कुत्री कमी होत नाहीत," त्या म्हणाल्या. "मेली त्यांच्या जागी शेजारच्या गावची येतात. मुंबईत आता मारायचं सोडून ऑपरेशन करायला लागलेत. तुम्ही ठराव करा. घरात पाळलेल्या प्रत्येक मादीची पंचायतीत नोंद, आणि तिचं ऑपरेशन. जो करणार नाही त्याने पिल्लं स्वतः सांभाळायची, बाहेर टाकायची नाहीत. शिबिर मी घेते. मला फक्त तुमचा होकार पाहिजे."

सरपंच धर्मराज खुर्चीत मागे रेलला. "बाई, आदी आमच्या बायकांची झाली, आता कुत्र्यांची. पुढच्या साली म्हशींचा नंबर लावताव कं?"

पुरुष हसले. बायकांच्या बाजूने कुणी तरी म्हणालं, "तुमचा नंबर कवा लावताव ते सांगा." तिकडेही हशा झाला.

"हसू नका," धर्मराज म्हणाला. "मुक्या जनावराची कूस कापायची म्हंजे पाप हाय. देवानं दिलंय ते देवानं न्यावं. आनि पिल्लांचं काय एवढं? आमच्यात कोन मारत नाय. आमचे काशिरामकाका बाजारात सोडून येतात."

"सगळी जगतात?" सुनिताबाईंनी विचारलं.

तेव्हा सत्यवती उठली. सभेत ती कधी बोललेली नव्हती. "जगतात बाई. मी डोळ्यानं बघतंय. दर बुधवारी डोकी टाकतंय मी त्यांना. परवा एकानं वळख दिली मना. जगत असताना कापाकापी कशाला?"

बायकांनी माना डोलावल्या. सुनिताबाईंनी समोरचे कागद गोळा करायला घेतले. धर्मराज ग्रामसेवकाला म्हणाला, "लिवा, ठराव नामंजूर."

काशिराम दाराजवळ बसला होता. तो उठून उभा राहिला ते बाहेर जायलाच, असं पुढे त्याने सत्यवतीला सांगितलं. पण उभा राहिला तो तसाच राहिला.

"मी बाजारात कवा गेलोच नाय," तो म्हणाला.

आवाज एवढा हलका होता की धर्मराजला विचारावं लागलं, "काय म्हनताव काका?"

"पोती घेऊन मी बाजारात कवा गेलोच नाय. उघाडीवर सोडतो. ओटीच्या पान्यात. पोत्यासकट." थोडं थांबून तो म्हणाला, "तुमी सोडून या म्हनताव ना. तेच सोडनं."

सगळ्यात आधी गोदूने मान खाली घातली. आश्चर्य कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं, हे सुनिताबाईंच्या ध्यानात आलं. तीस वर्षं एक गाव आपली पोती एका माणसाच्या सायकलला अडकवत होतं आणि एकालाही कधी सायकलमागे दोन पावलं चालून जावंसं वाटलं नव्हतं. विश्वास ठेवला होता तो फक्त एका बाईने. ती अजून उभीच होती.

"आनि रंगी?" सत्यवतीने विचारलं. "काळा?"

"मना नाय ठावं कोनाची हायेत ती," काशिराम म्हणाला.

धर्मराज जरा वेळाने म्हणाला, "काका, हे सांगायला नको होतं तुमी." तो रागावलेला नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा बोलत होता. "लोकांना आता झोप नाय लागायची."

"मना कुठं लागते," काशिराम म्हणाला, आणि खाली बसला.

ठराव मंजूर झाला. हात वर झाले ते चौदा, त्यातले अकरा बायकांचे. धर्मराजने हात वर केला नाही, पण सहीही अडवली नाही. नोंद करायची वेळ आली तेव्हा मात्र बरेच जण घरी निघून गेले होते. ग्रामसेवकाने पहिल्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "कुत्रीचं नाव?"

"कवडी," सत्यवती म्हणाली.

"मालकाचं?"

"माझं लिवा. यांचं नको."

त्या दिवसापासून ती काशिरामशी कामापुरतं बोलू लागली. जेवण वेळेवर होतं, गुडघ्याला तेल गरम करून मिळत होतं. बुधवारी ती बाजाराला जाई आणि पाटी रिकामी करून सरळ परत येई. पिल्लं पडवीत वाढत होती. दोन नर कामोठ्याच्या एका पाहुण्याने नेले. चारही माद्या राहिल्या. दोनदा कुणी तरी येऊन काशिरामच्या दाराशी पोतं ठेवून गेलं. दोन्ही वेळा तो पोतं उचलून त्या घराच्या ओट्यावर परत ठेवून आला. एकदा त्याला शिव्या मिळाल्या, एकदा दार लागलं. त्या पोत्यांचं पुढे काय झालं हे त्याला माहीत नव्हतं. विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटे.

शिबिर एप्रिलात झालं, पिल्लांचं दूध सुटल्यावर. शाळेच्या वर्गात दोन टेबलं जोडली होती. गावात माद्या वीसेक तरी असतील. त्या दिवशी आल्या सहा. सुनिताबाई म्हणाल्या, "सहा तर सहा," आणि हातमोजे चढवले.

कवडीला आत नेलं. सत्यवती आणि काशिराम व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. दुपारच्या उन्हात मैदान तापलं होतं.

"मना पन असंच निजवलंवतं," सत्यवती मध्येच म्हणाली. "याच शाळेत. बाविसेक वर्सं झाली. वळीनं बारा बाया. तुमची आयस घेऊन आलती. तवा पाप कोन म्हनला नाय."

"नाय," काशिराम म्हणाला.

"मी घाबरलेली. तुमी आलाव नाय."

"भरती होती."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मग ती पुन्हा मैदानाकडे बघू लागली.

"किती होती?" तिने विचारलं.

त्याला कळलं. "मोजली नाय कवा."

"मग मोजा आता."

"सत्यवती, तीस वर्सांची—"

"कवडीला जाग यायला येळ हाय," ती म्हणाली. "घरं आठवतात ना? घरागनिक मोजा. मी हाय इथं."

आतून भांड्यात काही तरी ठेवल्याचा आवाज आला. काशिरामने डोळे मिटले. पहिलं पोतं कुणाच्या घरचं हे आठवायला त्याला वेळ लागला नाही.

"धर्मराजच्या आयसचं," तो म्हणाला. "चार."

सत्यवतीने एक बोट मिटलं.