गोळीची वाट

दीडशे मीटर

कुत्रं कुरणाच्या भिंतीपाशी उभं होतं. वहिनीनं रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्याच्या वरच्या कडेला ठेवली, चाप ओढला, आणि गोळी त्याच्या पाठीवरून निघून गेली. जाता जाता कुत्रं एक गाभण मेंढी फाडून गेलं. बाकीच्या आता व्यायच्या बेतात. ते पुन्हा येणार होतं, आणि या खेपेला हुकलं तर कळपाचं काही खरं नव्हतं.

पंचवीस मीटर

"रायफल झिरो कुठं केलीस? फुली नि गोळी कुठल्या अंतरावर जुळवलीस?" नणंदेनं विचारलं. ती नेमबाजी शिकवायची, आणि माहेरी आली की घरातल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा घ्यायची.

"गोठ्यात. या भिंतीवरून त्या भिंतीवर. जिथं फुली तिथं गोळी. जवळ बरोबर म्हणजे लांबही बरोबरच ना?"

"धन्य आहेस! गोळी काय दोरीवरून घसरत जाते?"

"मग दाखवा ना वन्सं. नुसती जीभ काय चालवताय!"

शून्य मीटर

कुरणाच्या भिंतीकडं तोंड करून रायफल बाकावर शिकंज्यात आवळली. नणंदेनं नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून खिशात टाकला; त्याशिवाय गोळी सुटत नाही. जी पुढं जाईल तिच्याच खिशात बोल्ट, हा तिचा नियम. "म्हणजे मागं राहिलेलीला कितीही राग आला तरी मी सुखरूप."

वहिनीनं रिकाम्या नळीतून पाहिलं. मग दुर्बिणीतून. पुन्हा नळीतून.

फुली भिंतीच्या एका दगडावर होती. नळी मात्र त्याच्या वरच्या दगडाकडे पाहत होती.

"अगंबाई, ही तर वर बघतेय!"

मधलं सगळं

नणंद भिंतीपासून सुरुवात करून अलीकडं येत कागद टांगत गेली. "वर... अजून... बस!" वहिनी ओरडायची, आणि फुली पडेल तिथं नणंद पेन्सिलीनं खूण करायची. सगळे टांगून झाल्यावर ती परतली, बोल्ट बसवला, आणि वहिनीनं एकच गोळी सोडली. ती सगळे कागद भेदून शेवटच्या कागदामागं भिंतीला लावलेल्या मातीच्या पोत्यात रुतली.

मग बोल्ट घेऊन दोघी चालत निघाल्या.

पहिला कागद: भोक खुणेच्या खाली.
गोठ्याइतक्या अंतरावर: बरोबर खुणेवर.
पुढं: वर.
पुढं: अजून वर.
भिंतीपाशी: चार बोटं वर.

वहिनीनं भोकावर बोट ठेवलं.

"नळीतून सुटल्यापासून जमीन तिला खालीच ओढतेय," नणंद म्हणाली. तिचाही आवाज खाली आला होता. "तरी नळी वर बघत असल्यानं ती नजरेची रेघ दोनदा ओलांडते. एकदा चढताना, एकदा पार भिंतीपलीकडं उतरताना."

"दोनदा," वहिनी पुटपुटली. इतकी वर्षं ही वाट तिच्या डोळ्यांदेखत हवेत उमटत होती, मिटत होती.

"आता निवड. शंभरावर झिरो केलंस तर भिंतीपाशी दोन-तीन बोटं खाली लागेल. भिंतीवर केलंस तर मध्ये दोनेक बोटं वर."

"खाली लागली तर पाय मोडेल. बिचारं तडफडत फिरेल. भिंतीवर करा. दोन बोटं इकडंतिकडं झाली तरी छातीतच लागेल, मग ते कुरणात कुठंही उभं राहो."

कुरणात

ते आलं. भिंतीपाशी नाही, कुरणाच्या मधोमध. वहिनीनं अंतराचा विचारच केला नाही. फुली छातीवर ठेवली.

कुत्रं जागच्या जागी बसलं, आणि आडवं झालं. मेंढ्यांनी माना वर केल्या, मग पुन्हा चरायला लागल्या.

"वहिनी, लागली!" नणंदेनं तिचा खांदा हलवला. "बघ की!"

वहिनी बघतच होती. कुत्र्याकडं नाही, तिच्या आणि त्याच्या मधल्या मोकळ्या हवेकडं. तिथं काहीच नव्हतं.