परांचीवरचा नाथाजी

मी साताऱ्याच्या कॅम्पातल्या चर्चचा फोटो बोलतोय. एक्केचाळीस सालच्या थंडीत मनोऱ्याची डागडुजी संपत आली, तेव्हा हाफिज फोटोवाल्यानं मला काढलं.

खाली पायऱ्यांवर पांढऱ्या झग्यांतले सात पाद्री उभे होते, मधोमध बाहेरगावाहून आलेले बिशपसाहेब. काळ्या फडक्यात डोकं घालून हाफिज ओरडला, "कुणी हलू नका!" पाद्री हलले नाहीत. आणि वर, मनोऱ्याला बांधलेल्या बांबूच्या परांचीवर एक गवंडी होता. हातातली थापी तशीच धरून तोही श्वास रोखून उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

औषधाच्या पाण्यात मी हळूहळू उमटलो. आधी मनोरा, मग झगे, मग चेहरे. एवढा दगडी डोंगर माझ्या वीतभर अंगात कसा मावला, याचं मला अजून नवल वाटतं.

इथले पाद्री हॅडलीसाहेब. त्यांनी मला आपल्या खोलीत लावलं. येणारे-जाणारे बोट ठेवून बिशप ओळखायचे, कुणाचं पोट सुटलंय यावर हसायचे. परांचीपर्यंत कुणाची नजर गेली नाही.

सत्तेचाळीस साल आलं. इंग्रज निघाले. हॅडलीसाहेबांनीही पेटी भरायला घेतली. मला चौकटीतून काढून ते पुस्तकांवर ठेवत होते, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. औंधाकडून दोन दिवस चालत आली होती. पाय धुळीनं माखले होते.

"आवं सायेब, मी राहीबाई. नाथाजी गवंड्याची बायकू. त्यो लडाईवर गेला, त्यो ब्रह्मदेशातनं आलाच न्हाई. त्याच्या पत्रात व्हतं, चर्चच्या फोटोत मी वर हाय म्हणून. एकदा दाखिवता का?"

"तुमच्यापाशी त्याचा एकही फोटो नाही?"

"न्हाई. पाच वर्सं झाली. आता डोळं मिटलं की मुंडासं दिसतंय, थापी दिसती. तोंड दिसंना झालंय." गुन्हा कबूल करावा तशी ती खाली बघू लागली.

साहेबांनी मला टेबलावर ठेवलं आणि तिच्या हातात भिंग दिलं.

ती वाकली. पाद्री ओलांडून, खिडक्या ओलांडून भिंग वर वर सरकत गेलं आणि थांबलं. तिचा श्वास माझ्या अंगावर येत होता. मला सहा वर्षं लोक बघत होते, पण असं कुणी बघितलं नव्हतं. माझ्यात असं काही आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

"कान!" ती पुटपुटली. "डावा कान दुमडल्याला. ह्योच. ह्योच की!"

भिंगामागून साहेबही बघत राहिले. "मी रोज याच्यासमोर बसत होतो," ते म्हणाले, "आणि हा माणूस मला दिसला नाही."

ज्या काचेवरून मला छापलं, ती हाफिजकडची काच फुटली होती, त्यामुळे दुसरी प्रत निघणार नव्हती. साहेबांनी कात्री घेतली. "वरचा भाग तुम्ही न्या, खालचा मी नेतो."

"नगा, सायेब!" राहीबाईनं माझ्यावर पालथा हात ठेवला. "तुमची मानसं हायती त्यात. बगितलं मी. आता ध्यानात ऱ्हाईल." भिंग ठेवून ती वळली आणि चालू लागली.

साहेब फाटकापर्यंत तिच्यामागं धावले. मी त्यांच्या हातात होतो, अख्खाच. मला त्यांनी तिच्या ओंजळीत दिलं आणि ते रिकाम्या हातांनी परत फिरले.

आता एकोणपन्नास साल आहे. मी औंधाजवळ, राहीबाईच्या घरात असतो. सकाळी कामाला निघताना ती माझ्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवते, "येते" म्हणते आणि जाते. त्या बोटानं तेवढी जागा झिजत चालली आहे. पाद्री अजून लख्ख दिसतात. नाथाजी दिसेनासा झालाय.

पुढं कधी मी तुमच्या हाती आलोच, तर मनोऱ्याशेजारचा तो पांढरा ठिपका बघून फोटो खराब झालाय असं म्हणू नका. तिथं कुणाचा तरी माणूस उभा आहे.