नव्या स्पीकरवर बाबांचा गजर

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले म्हणून मामाने मला ब्लूटूथ स्पीकरची जोडी पाठवली. दिसायला पाण्याच्या पेल्याएवढे, पण आवाज असा की आमची लालबागची खोली दणाणून गेली. पुस्तकांच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. फोन जोडला आणि आधी माझंच भाषण लावलं. आई म्हणाली, पुरे आता, सगळ्या मजल्याला पाठ झालंय.

मग बाबांना बसवलं. बाबा कुरियर कंपनीत आहेत, पण चाळीत त्यांची ओळख भजन मंडळाचे बुवा हीच. यंदा गणपतीत डबलबारी ठरली होती. समोर दुसऱ्या मंडळाचे बुवा, इकडे बाबा, आणि नुसती जुगलबंदी. शनिवारच्या सरावातला शेवटचा गजर मी गुपचूप रेकॉर्ड केला होता. फोनवर तो नुसता कल्ला वाटायचा. म्हटलं, स्पीकरवर भारी वाटेल, बाबा खूश होतील.

भारीच वाटला. पखवाज वेगळा, पेटी वेगळी, झांज वेगळी. बाबा मांडीवर ठेका धरून ऐकत होते. गजर चढत गेला आणि त्यांचा हात थांबला.

"परत लाव. तेवढंच."

परत लावलं, तेव्हा मलाही कळलं. वरच्या सुरावर बाबांचा आवाज विरायचा, आणि नेमका तेव्हाच मागे बसणाऱ्या धोंडूकाकांचा आवाज वर येऊन तो सूर धरायचा. बाबा खाली उतरले की काका गप्प. दर वेळी तसंच.

"हा धोंडू," बाबा म्हणाले. "आणि मला वाटायचं, माझाच लागतोय."

मी घाईघाईत सांगायला लागले की फोन काकांच्या बाजूला होता, रेकॉर्डिंगच खराब झालंय, थांबा, सेटिंग बदलून बघू. एवढी स्टेजवर बोलणारी मी, एक वाक्य धड पुरं होईना. बाबांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, स्पीकर छान आहेत म्हणाले, आणि चपला घालून काकांकडे गेले.

थोड्या वेळाने काकाच आमच्या दारात. बाबांनी त्यांना सांगितलं होतं, यंदा बारी तू कर, मी मागे बसतो.

"कशाक ऐकवलंस गो बाय त्याका?" काका म्हणाले. "आमका सगळ्यांका म्हायत होता."

मला नव्हतं माहीत. पण ते बोलून आता उपयोग काय होता?

पुढच्या सरावाला काका बाबांच्या जागी पेटीवर बसले. गजर चढवत चढवत वर नेला आणि तिथे मुद्दाम थांबले, मागे वळून बाबांकडे बघत. पखवाज वाजत राहिला. बाबांनी मान खाली घालून झांज वाजवली. तोंड उघडलं नाही.