गवतबाईंचा कागद

मी एक जुना, जाड कागद आहे. माझ्या छातीवर गवताची एक वाळलेली काडी बारीक टाक्यांनी शिवलेली आहे. हे टाके गवतबाईंनी घातले. मित्रांनो, हे नाव त्यांना लोकांनीच ठेवले होते. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्या काम करत आणि तिथे गवताचा अभ्यास करणाऱ्या त्या पहिल्याच.

"बाई, गवताचा अभ्यास म्हशी करतातच की," प्रमुख म्हणाले होते.

"पण त्या लिहून ठेवत नाहीत ना, सर," बाई म्हणाल्या.

गुडघाभर खारट चिखलात उभे राहून बाईंनी सात वर्षे हे गवत पाहिले. ते पानांवाटे मीठ बाहेर टाकून जगते, हे त्यांनी दाखवले आणि माझ्या कोपऱ्यात लिहिले. मग दूरदूरचे अभ्यासक येत. मला दोन्ही हातांनी उचलत.

बाई गेल्या. माझ्यासारखे तीनशे कागद ठेवलेल्या कपाटाला कुलूप लागले. डांबरगोळ्या विरून गेल्या आणि एके दिवशी खालच्या गठ्ठ्यातून कुरकुर ऐकू आली. किडे शेजाऱ्यांना खात होते. मला ना ओरडता येई, ना सरकता येई. उद्या माझी पाळी, एवढेच मनात येई.

मग खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. शिपायाने आम्हा तीनशे जणांना अंगणात ओतले. आगकाडी ओढली. पहिला गठ्ठा पेटला. माझी कड तापून तपकिरी झाली. भीतीने माझा जीव टाक्याटाक्यात गोळा झाला.

तेवढ्यात फाटकातून बाईंची भाची धावत आली. ती तिथेच शिकवत असे.

"दादा, थांबा! माझ्या मावशीचं अक्षर आहे ते."

"मला काय ठाऊक, ताई? पालापाचोळा जाळा म्हणाले," शिपाई गडबडला. मग त्यानेच बादली आणली. भाचीने मात्र पाण्याची वाट पाहिली नाही. तिने जळत्या ढिगात हात घातला. बोटे भाजली, तरी ती कागद ओढत राहिली.

आम्ही एकोणीस वाचलो. आता नव्या कपाटात आहोत. तरी दार उघडले की अजून धस्स होते.

गठ्ठ्यात माझ्या वरच्या कागदावर एक वाळलेले पान शिवलेले होते. बाईंनी त्याला नाव दिले नव्हते. फक्त लिहिले होते, 'ओळखू येत नाही, पुन्हा पाहणे.' तो कागद जळाला. ते पान कशाचे होते, हे आता कोणालाच कळणार नाही. मित्रांनो, जुना कागद टाकण्याआधी एवढेच करा. तो एकदा वाचा.