पिशवी नसताना पडलेले खडे

सभागृह खचाखच भरलं होतं आणि लोक आपापल्या बाटल्या एकमेकांना दाखवत होते, नातवंडांचे फोटो दाखवावेत तशा कौतुकानं. बाटल्यांत हिरवट खडे. कोणाचे वाटाण्याएवढे, कोणाचे गोटीएवढे. ते कोणत्या वाटेनं बाहेर आले होते हे लक्षात घेता, कौतुक जरा जास्तच जवळून चाललं होतं.

शिंपीमास्तर पहिल्या रांगेत बाटली मांडीवर घेऊन बसले होते. जन्मभर कात्री चालवलेला माणूस. पण डॉक्टरांनी "पित्ताशयात खडे आहेत, पिशवी काढावी लागेल" म्हटल्यावर ते स्वतःवर चालणाऱ्या कात्रीला घाबरले. ऑपरेशनची ठरलेली तारीख त्यांनी मोडली आणि न कापता खडे पाडून देणाऱ्या पित्तबाबांना गाठलं. बाबांनी आधी जुलाबाचं मीठ दिलं, मग पेलाभर तेल आणि लिंबाचा रस पाजला. सकाळी मास्तर संडासातून बाहेर आले ते लढाई जिंकल्यासारखे.

त्यांची धाकटी बहीण चिमी वैद्यकीय कॉलेजात पचनसंस्थेवर संशोधन करायची. खाल्लेला घास कुठे रेंगाळतो, तेल कसं फुटतं, आतडं कधी संपावर जातं, हे नळ्या नि यंत्रं लावून बघणं हे तिचं काम. जेवताना "आज काय केलंस?" असं तिला घरात कोणी विचारत नसे.

"दादा, पुन्हा सोनोग्राफी करून घे," ती म्हणाली होती.

"खडे बाटलीत आहेत. पोटात काय बघायचं?"

"मग अजून दुखतंय कशानं?"

"बाबा म्हणाले, जागा रिकामी झाली की तिथं वारा भरतो."

यावर चिमीनं बाबांचा पत्ता मागून घेतला. मास्तरांना वाटलं, पटलं.

आता मंचावर बाबा रंगात आले होते. "डॉक्टर घर पाडतो, मी नुसता केर काढतो. पोटाला विचारा, पोट बोलतं. ज्याला ऐकू येत नाही तो मशीन लावतो."

टाळ्या ओसरल्या आणि मास्तर चपापले. चिमी स्वतःची बाटली घेऊन मंचावर चढत होती.

"मीही तुमचं औषध घेतलं," ती म्हणाली.

बाबांनी बाटली उजेडात धरली. "बघा, बघा. बाई, हा वर्षानुवर्षांचा साठा आहे. तुमची पित्ताची पिशवी ठासून भरली होती."

"पिशवीच ना? नक्की?"

"मी खडा बघून पिशवी सांगतो."

चिमी माईककडे वळली. "दादा, माझी पिशवी कुठंय ते सांग यांना."

मास्तरांनी मांडीवरची बाटली खुर्चीखाली सरकवली. ते उठले.

"काढलीय," ते म्हणाले. "कधीच काढलीय. मीच होतो दवाखान्यात. डॉक्टरांनी ट्रेमध्ये आणून दाखवली, तर भोवळ येऊन मीच पडलो."

सभागृहात खसखस पिकली. बाबांनी हात वर केला. "स्थूल पिशवी गेली तरी सूक्ष्म पिशवी राहते."

"मग स्थूल डॉक्टरांना काढू द्या, सूक्ष्म तुम्ही काढा," मागून एक आजी म्हणाल्या. "भांडणच मिटलं."

चिमीनं चहावाल्याकडून दोन पेले कढत पाणी मागवलं. एकात बाटलीतला खडा टाकला. तो मऊ पडला, विरघळला, वर हिरवट तवंग आला. दुसऱ्यात तिनं ऑपरेशनच्या वेळी जपून ठेवलेला स्वतःचा जुना खडा टाकला. तो टण्‌कन तळाशी गेला आणि तसाच बसला.

"हा खरा," ती म्हणाली. "आणि तो साबण. तेल पोटात गेलं की पाचकरस ते फोडतात. त्यातली आम्लं क्षारांशी जुळतात आणि साबणासारखे गोळे होतात. हिरवा रंग पित्ताचा. पित्त यकृत बनवतं, पिशवी ते फक्त साठवते. म्हणून पिशवी नसलेल्या मलाही हे पडले. बाबांनी कोणाचे खडे पाडलेले नाहीत. आपल्याकडून साबण करून घेतलाय, तोही भलत्याच कारखान्यात."

बाबांची ध्यानाची वेळ झाली. ती नेमकी मागच्या दाराजवळ झाली. काही लोकांनी बाटल्या तिथेच ठेवल्या. काहींनी मात्र आणखी घट्ट छातीशी धरल्या.

मास्तर बहिणीसोबत तडक सोनोग्राफीला गेले. सगळे खडे जागच्या जागी होते. एक तर पित्तनळीच्या तोंडाशी येऊन बसला होता. तो नळीत उतरून अडकला असता तर कावीळ झाली असती, कदाचित त्याहून वाईट काही.

"भीती वाटतेय गं," ऑपरेशनला नेताना मास्तर म्हणाले.

"वाटणारच. मलाही वाटली होती," चिमीनं त्यांचा हात धरला. "तेव्हा तू बाहेर होतास. आज मी आहे."

बरे होऊन मास्तर दुकानात बसू लागले, तेव्हा एक गिऱ्हाईक सदऱ्याचं माप द्यायला आलं. बोलता बोलता त्यानं खिशातून हिरव्या खड्यांची बाटली काढली. "लोक काहीही म्हणोत मास्तर, माझा अनुभव आहे."

"अनुभव माझाही होता," मास्तर म्हणाले. "खडे पडल्यावर पोट पुन्हा तपासलंत?"

"कशाला? पडले की."

"मी कापड दोनदा मोजतो, कापायच्या आधी आणि नंतर. चुकलं तर फार तर सदरा वाया जातो. पोट एकदाच मोजून कसं भागेल? बाबाला विचारू नका, मलाही विचारू नका. मोजून बघा."

गिऱ्हाईकानं बाटली परत खिशात घातली. "डॉक्टर कापायलाच सांगतील," ते हळूच म्हणालं.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला," ते म्हणाले. "मी येतो सोबत."