न मरणारा आकडा

"टाका फासा!" आकडेबाबा गरजले.

लाँड्रीच्या वरचा हॉल खचाखच भरला होता. फाशावर चार पडले. फळ्यावर बाबांचा सिद्ध आकडा होता: १४२८५७. त्याला चारानं गुणायला मोबाइलांवर बोटं धावली.

"५७१४२८!"

"पाहिलंत? तेच सहा अंक, त्याच क्रमानं! नुसता फेर धरला! दोनानं गुणा, सहानं गुणा, हा मरत नाही. दंडावर लिहा, गेलेलं आरोग्यही असंच फिरून येईल. गोळ्या हव्यात कशाला?"

झाडून सगळ्यांनी हात जोडले. धाकटीचं लक्ष मात्र ताईच्या दंडावरच्या निळ्या शाईकडे होतं. ताईनं परवापासून फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आणि खाली लाँड्रीत ती दिवसभर तापल्या इस्त्रीपुढे उभी असे. त्याच इस्त्रीच्या जिवावर तिनं धाकटीला शिकवून गणिताची बाई केलं होतं.

धाकटी उठली. "बाबा, सातानं गुणलं तर?"

"फाशावर सात असतो का पोरी?"

"नसतो. म्हणून तर फासा आणलात!"

हॉलमध्ये खसखस पिकली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अहो, नऊ! सहाच्या सहा नऊ!"

बाबा चपापले. मग डोळे मिटून म्हणाले, "पूर्णत्व! आकड्याला मोक्ष मिळाला!"

"आत्ता तर म्हणालात, मरत नाही!" पण टाळ्यांच्या कडकडाटात ऐकतो कोण?

धाकटीनं ताईला हाताला धरून खाली आणलं. इस्त्रीच्या टेबलावर खडूनं ती एकाला सातानं भागू लागली. दशांशचिन्हापुढे बाबांचाच १४२८५७ उतरला, आणि पुन्हा तोच.

"बाकी एक ते सहामधलीच उरणार ना? त्या सहाही येऊन गेल्या की पुन्हा पहिलीच. मग उत्तरातही तेच सहा अंक, फिरून फिरून."

"आणि बाबा गुणतात ते?"

"दोनानं गुणलं की दोन बाकी होती तिथून सुरुवात. तिनानं गुणलं की तीन होती तिथून."

ताईचा चेहरा कोराच. धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. छताला लावलेला, कपडे टांगायचा फिरता दांडा कुरकुरत फिरू लागला. कोट, झगा, पडदा, पुन्हा कोट.

"ताई, यातला कुठला कपडा जिवंत आहे गं?"

ताई बघत राहिली. "कपडे तेच, रांग तीच. मी थांबवीन तिथून सुरू..." एकदम तिनं कमरेवर हात ठेवले. "मेल्यानं माझाच दांडा मला फिरवून दाखवला की!"

"आकडा खरा आहे, सुंदरही आहे. पण तुझ्या डोक्यातलं त्याला काय कळतंय?"

ताईनं आधी इस्त्री बंद केली. मग ओल्या फडक्यानं दंड घासू लागली. "शाई जात नाही गं."

"जाईल सावकाश. आधी डॉक्टरांना फोन लाव, गोळ्या कशा सुरू करायच्या ते विचार."

वर पुन्हा टाळ्या वाजल्या. फासा पडला असणार. तुमच्यापुढे कुणी असा फासा टाकला, तर पडलेला आकडा मोजत बसू नका. त्यावर नसलेला विचारा.